त्या दिवशी बाबांना कळत होतं का?

बाबांच्या आयुर्विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आधी आईचं नाव होतं. आई गेल्यावर त्यांनी दादाचं नाव घातलं आणि पुढे काही वर्षांनी ते काढून माझं. बाबा गेल्यावर मी क्लेमचे कागद भरले. कंपनीकडून पैशांऐवजी पत्र आलं, की तुमच्या दाव्याला लेखी हरकत आलेली आहे. हरकतीची प्रत सोबत जोडलेली होती. भाषा वकिलाची होती, पण खाली सही दादाची. वडिलांना डिमेंशिया होता, आपण कशावर सही करतोय हे कळण्याच्या अवस्थेत ते नव्हते आणि सोबत राहणाऱ्या बहिणीने त्याचा फायदा घेतला, असा मजकूर.

त्यातलं पहिलं वाक्य मला नाकारता येत नव्हतं. बाबांना डिमेंशियाचं निदान झालेलं होतंच. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरलं: असं निदान झालेला माणूस स्वतःच्या पैशांबद्दल निर्णय घेऊ शकतो की नाही.

आधी काय कसं घडलं ते सांगते, कारण या वादात तारखांचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. बाबांना एकदा अचानक भ्रम झाला म्हणून दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. रक्तातलं सोडियम ११६ वर आलं होतं, जे १३५ ते १४५ असायला हवं. म्हाताऱ्या माणसांत हे बरेचदा होतं आणि तेव्हा माणूस अक्षरशः दुसराच वाटतो. बाबा नर्सला माझ्या नावाने हाक मारत होते, सलाईन ओढून काढत होते. सोडियम हळूहळू वर आलं तसे ते शुद्धीवर आले आणि घरी येऊन पेपर वाचायला लागले. पण विसरणं जरा वाढल्यासारखं वाटलं म्हणून मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे सुरुवातीच्या टप्प्यातला डिमेंशिया असल्याचं सांगितलं गेलं. यानंतर बाबांनी आवराआवर करायला घेतली. राहतं घर बक्षीसपत्राने दादाच्या नावावर केलं आणि त्याच महिन्यात पॉलिसीवर माझं नाव घातलं. त्यांचा हिशोब सरळ होता. घर एकाला, विमा दुसरीला.

नॉमिनी बदलताना कोणीही बाबांची परीक्षा घेतली नाही. एक फॉर्म, पॉलिसीचा मूळ कागद, एका साक्षीदाराची सही. कंपनीने जुनी सही पडताळली, बदलाची नोंद केली आणि पोचपावती दिली. विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ मध्ये एवढंच सांगितलं आहे: पॉलिसीधारक मुदतीआधी केव्हाही नामनिर्देशन रद्द करू शकतो किंवा बदलू शकतो, बदल कंपनीला लेखी कळवायचा आणि कंपनीने नोंदीची लेखी पोच द्यायची. डॉक्टरच्या दाखल्याची अट त्यात नाही. अर्ज देणाऱ्याला काय कळतंय हे पाहणं कंपनीचं काम नाही. ते पाहायची वेळ येते माणूस गेल्यावर, जेव्हा त्याला काहीच विचारता येत नाही. ही व्यवस्था मला आजही अन्यायाची वाटते.

हरकत आल्यावर कंपनीने हात वर केले. तसं करायचा तिला अधिकार आहे. हरकत नसती तर नोंदीतल्या नॉमिनीला सद्भावनेने पैसे देऊन ती मोकळी झाली असती. पण एकाच रकमेवर दोघे हक्क सांगत असतील, तर विमा कायद्याच्याच कलम ४७ खाली रक्कम न्यायालयात भरण्याची परवानगी मागता येते, किंवा सक्षम न्यायालयाचा आदेश आणा असं दोघांना सांगता येतं. आम्हाला दुसरं उत्तर मिळालं. दादाने दिवाणी न्यायालयात दावा लावला: नॉमिनी बदल बेकायदा ठरवावा आणि मला रक्कम देण्यास मनाई करावी. मी प्रतिवादी क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर कंपनीने रक्कम न्यायालयात भरायची तयारी दाखवली, ती बँकेत मुदत ठेवीत गेली आणि कंपनीचा विषय संपला. उरलो आम्ही दोघं भाऊबहीण.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सगळ्यात आधी विचारलं, की पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली आहे का. तशी असती तर तो पत्नी आणि मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरला असता आणि नावं बदलण्याचा प्रश्नच उरला नसता. तशी नव्हती. दुसरा प्रश्न, पॉलिसीवर कर्ज आहे का, ती कोणाला असाइन केलेली, म्हणजे तिचा हक्क कोणाला लिहून दिलेला आहे का. नव्हती. मग त्या म्हणाल्या, "आता मला बाबांची सगळी कागदपत्रं द्या. तुमच्या विरुद्ध जाणारीही." या शेवटच्या वाक्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

विरुद्ध जाणारा कागद माझ्याकडेच होता. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी होत्या: रुग्ण गोंधळलेला, स्थळकाळाचं भान नाही, रक्तातलं सोडियम कमी. त्यातलं सोडियम बाजूला ठेवून आधीचे शब्द दादाच्या दाव्यात ठळक केलेले होते. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही, दाखल असतानाचे रोजचे केसपेपर हवेत, असं वकीलबाईंनी सांगितलं. दवाखान्याने ते आधी टाळलं. तिथे मला एक नियम कळला, जो प्रत्येक घरात माहीत असावा. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. लेखी अर्जात हा नियम लिहिला तेव्हा कागद मिळाले. दावा आणखी उशिरा लागला असता तर ते नष्टही झाले असते.

त्या केसपेपरमध्ये सोडियमचे आकडे आणि बाबांची अवस्था शेजारी शेजारी लिहिलेली होती. आकडा वर चढत गेला तशी वागण्याची नोंदही बदलत गेली. शेवटच्या पानावर नर्सने लिहिलं होतं, की रुग्ण नातेवाइकांना ओळखतो, बिलाची चौकशी करतो. बिलाची चौकशी! आयुष्यभर हिशोबनीस म्हणून काम केलेला माणूस शुद्धीवर आल्याचा याहून चांगला पुरावा मला सुचला नसता. आजारपणातला तात्पुरता भ्रम आणि डिमेंशिया या वैद्यकात दोन निराळ्या गोष्टी आहेत. भ्रम अचानक येतो, तासातासाला बदलतो आणि कारण दूर झालं की बहुधा ओसरतो. दाव्यात या दोन्हींची एकच गोष्ट करून टाकली होती.

दुसरा कागद मेंदूविकारतज्ज्ञांकडचा, आणि खरी लढाई त्यावरच झाली. त्यांनी ३० गुणांची चाचणी घेतली होती, जी १९७५ पासून जगभर वापरतात. बाबांना २२ गुण. साधारण २४ च्या खाली गेलं की डॉक्टर सावध होतात. दादाच्या वकिलांनी हा आकडा न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा ठेवला. चाचणीचा तो कागद मी कितीदा वाचला असेन! साल, ऋतू, महिना, तारीख, वार विचारले त्यात चार गुण गेले. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, एकही आठवला नाही, तीन गुण गेले. दोन पंचकोन एकमेकांत अडकवून काढायचे होते, तिथे एक गेला. पण १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं तेव्हा ९३, ८६, ७९, ७२, ६५, पाचही बरोबर. या चाचणीत मनाने एक पूर्ण वाक्य लिहायला सांगतात. बाबांनी लिहिलं होतं, "हप्त्याची पावती फायलीत लावायची राहिली आहे." अक्षर थोडं कापरं, पण शेवटचा पूर्णविरामसुद्धा दिलेला.

न्यायालयात कोणत्या मोजपट्टीने मोजतात, हा माझा पुढचा प्रश्न होता. नामनिर्देशन म्हणजे करार नाही आणि मृत्युपत्रही नाही, त्यामुळे वकील दोन्हीकडचे निकष आणतात. करार कायदा १८७२ चं कलम १२ म्हणतं, की करार करतेवेळी माणसाला तो समजण्याची आणि आपल्या हिताच्या दृष्टीने त्याच्या परिणामांचा विवेकाने विचार करण्याची क्षमता असली पाहिजे. एरवी मन ठिकाणावर नसणारा माणूसही, ते ठिकाणावर असताना, करार करू शकतो. मृत्युपत्राबाबत भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ५९ मध्ये असंच तत्त्व आहे. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. म्हणजे प्रश्न आजाराच्या नावाचा नव्हताच. त्या दिवशी, त्या कागदावर सही करताना, ही कुठली पॉलिसी आहे, कोणाचं नाव जातंय, कोणाचं येतंय आणि त्याने काय होईल, हे बाबांना कळत होतं का? एवढंच पाहायचं होतं.

माणूस शहाणा होता हेच कायदा गृहीत धरतो आणि नव्हता म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावं लागतं. म्हणून सुरुवातीला मला धीर आला होता. पण दादाने दुसरा मुद्दाही घेतला होता, अनुचित प्रभावाचा. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये वय, आजार किंवा क्लेशामुळे ज्याची मानसिक क्षमता कमी झाली आहे अशा माणसाचा खास उल्लेख आहे. त्याच्यावर हुकमत चालवू शकणाऱ्या माणसाला व्यवहारातून लाभ झाला आणि व्यवहार वरकरणी अन्यायाचा दिसला, तर दबाव नव्हता हे त्या लाभ घेणाऱ्याने दाखवायचं. बाबा माझ्याकडे राहत होते. औषधं मी देत होते. फॉर्ममधला मजकूर माझ्या अक्षरात होता, कारण त्यांचा हात कापायचा. उलटतपासात हे एकेक करून माझ्याकडून वदवून घेतलं गेलं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि सगळी एकत्र ऐकली की मला माझीच भीती वाटली. सेवा करणाऱ्या माणसाचं प्रत्येक काम दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ताबा ठेवल्यासारखं दिसू शकतं, हे त्या कठड्यात उभं राहून समजलं.

साक्षीदार म्हणून एजंटकाकांची सही होती. त्यांची साक्ष साधी होती, म्हणून टिकली असं मला वाटतं. बाबांनी स्वतः फोन करून बोलावलं, मी चहा ठेवायला आत गेले होते, आणि काकांनी विचारलं, "भाऊसाहेब, मुलाचं नाव काढायचं नक्की ना? त्याला सांगितलंय का?" त्यावर बाबा म्हणाले, की त्याला घर दिलंय, त्याला सांगायची गरज नाही. दादाच्या वकिलांनी एजंटचा आणि आमचा जुना घरोबा काढला, कमिशनचं काढलं. काकांनी शांतपणे सांगितलं, की नॉमिनी बदलाचं कमिशन नसतं.

डॉक्टरांची साक्ष जास्त अवघड गेली. त्यांना विचारलं, २२ गुण म्हणजे आजारी ना? ते म्हणाले, आजाराची शंका घ्यायला तो आकडा वापरतात, सही करण्याची क्षमता मोजायला ही चाचणी घेतलेली नव्हती. त्यांच्या केसपेपरवर एक ओळ होती, की रुग्ण घराची आणि पॉलिसीची व्यवस्था लावायची असल्याचं सांगतो. ती त्यांनी वाचून दाखवली. मग शेवटचा प्रश्न आला. "ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी तुम्ही त्यांना तपासलं होतं का?" "नाही."

या नाहीवर काही इलाज नव्हता. कोणी तरी त्याच दिवशी बाबांना तपासून चार ओळी लिहिल्या असत्या, की यांना अमुक कागदाबद्दल विचारलं, यांनी स्वतःच्या शब्दांत अमुक उत्तर दिलं, तर त्या ओळींनी सगळा दावा उडाला असता. मोघम 'प्रकृती ठीक आहे' असा दाखला उपयोगी नाही, नेमक्या त्या निर्णयाबद्दल विचारलेलं हवं, आणि ते ज्याला लाभ होणार त्याला खोलीबाहेर ठेवून. आता ओळखीत कुणाच्या घरी वयस्कर माणूस असा बदल करायचं म्हणतो, तेव्हा मी हे आग्रहाने सांगते. निदान झालेलं असेल तर जास्तच आग्रहाने. जमलं तर त्याने कारण स्वतःच्या हाताने लिहून ठेवावं, दोन ओळी का असेनात, आणि ज्याचं नाव काढलं जातंय त्यालाही जिवंतपणी सांगून टाकावं. बाबांनी दादाला सांगितलं असतं तर तो रागावला असता, भांडला असता, पण बाबांशी भांडला असता. उत्तर द्यायला बाबा होते.

राहिलं बक्षीसपत्र. आमच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, ते होतंच: बाबांना काही कळत नव्हतं असं म्हणणाऱ्याने त्याच महिन्यात त्यांच्याकडून घर कसं घेतलं? मला वाटलं होतं की इथेच विषय संपेल. पण दादाच्या वकिलांकडे उत्तर होतं आणि ते निराधार नव्हतं. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांसमोर झालं, आणि नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे समोरचा माणूस विकल मनाचा दिसला तर अधिकारी नोंदणी नाकारतो. विम्याच्या कागदासाठी कोणत्याही त्रयस्थ अधिकाऱ्याने बाबांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. माझ्या मनात जे होतं तेच ते माझ्याविरुद्ध बोलत होते. तरीही घर टिकवायचं आणि विमा पाडायचा, या दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलणं त्यांना जड जाणार हे सगळ्यांनाच दिसत होतं.

आमची बाजूही पूर्ण भक्कम नव्हती, हे वकीलबाईंनी लपवलं नाही. पूर्वी नॉमिनी म्हणजे फक्त पैसे स्वीकारणारा, हक्क वारसांचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं होतं. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांना स्वतःचा लाभ मिळेल अशी तरतूद कलम ३९ मध्ये आली. मी मुलगी, म्हणजे त्यात बसत होते. पण वारसांनी हक्क मागितला तर काय, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. दादाने पर्यायी मागणी केलीच होती, की बदल वैध धरला तरी वारस म्हणून अर्धी रक्कम द्या. नॉमिनी पुतण्या किंवा भाचा असता तर तो त्या तरतुदीत बसलाच नसता, हक्क वारसांचाच राहिला असता आणि बाबांच्या मनःस्थितीचा एवढा कीस कदाचित काढलाही गेला नसता.

डॉक्टरांच्या साक्षीनंतर न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थांच्या खोलीत बऱ्याच काळाने मी आणि दादा एका टेबलाशी बसलो. तो पहिल्यांदा पैशांबद्दल बोललाच नाही. "दवाखान्यात त्यांनी मला ओळखलं नव्हतं गं," म्हणाला. तो त्या दोनच दिवसांसाठी आला होता, सोडियम सगळ्यात खाली असताना, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तेच बाबा राहिले होते. मी रोज बघत होते म्हणून मला सुधारलेले बाबाही माहीत होते. त्याची शंका बनावट नव्हती. लोभ त्यात नव्हताच असं मी म्हणणार नाही, पण शंका खरी होती. मी चाचणीचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि बाबांनी लिहिलेलं वाक्य दाखवलं. दाव्यात त्याने फक्त २२ हा आकडा पाहिला होता.

पुढच्या बैठकांमध्ये अटी ठरल्या. विम्याची रक्कम व्याजासह मला, घराच्या बक्षीसपत्राला मी कधीही आव्हान देणार नाही, खर्च ज्याचा त्याने सोसायचा. आजोबांच्या वेळची थोडी ठेव होती, ती त्याला. वकीलबाईंच्या मते ठेव सोडायची गरज नव्हती. मी सोडली, कारण मला त्या पुरसीसमध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात, एक कलम हवं होतं आणि त्यावरून तडजोड अडली होती. वडिलांच्या मानसिक क्षमतेबद्दल दाव्यात केलेली सर्व विधानं वादी मागे घेत आहे, असं ते कलम. दादाचे वकील म्हणाले, दावाच निकाली निघतोय तर याची काय आवश्यकता. मला आवश्यकता होती. न्यायालयाने त्या प्रश्नावर निकाल दिला नव्हता आणि आता देणारही नव्हतं. शंभरातून सात बिनचूक वजा करणाऱ्या माझ्या वडिलांबद्दल सरकारी दप्तरात कायमचं काय लिहिलेलं राहणार, तर त्यांना काही कळत नव्हतं? दादाने मसुदा वाचला, वकिलांशी बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन म्हणाला, "लिहा." पुरसीसवर सह्या झाल्या. न्यायाधीशांनी दोघांनाही मजकूर वाचला का, समजला का, कोणाचा दबाव आहे का असं विचारलं आणि आमची उत्तरं लिहून घेतली.